चौदा फुटी दोन मोटरबोटी, दिसायला सारख्याच: नागपूरकरांनी कोणती घ्यावी आणि कशी ठरवावी

दोन्ही बोटी चौदा फुटी, दोन्ही फायबरच्या, दोघींना पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन. विकणारे दोघंही सांगतात, "पाच माणसं आरामात बसतात." किमतीतही फार फरक नाही. अशा वेळी बहुतेक जण रंग, सीटचं कापड आणि विकणाऱ्याचा स्वभाव बघून निर्णय घेतात. पुढे पाच वर्षं त्या निर्णयाचे परिणाम भोगतात. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन बोटींमधला खरा फरक तुमची माणसं, तुमचं सामान आणि तुमचं पेट्रोल घेऊन ती बोट तुमच्याच तलावात उतरते तेव्हा कळतो. म्हणून या लेखात कुठल्या कंपनीची शिफारस नाही. परवानगीपासून ताबा घेईपर्यंत काय, कुठल्या क्रमाने तपासायचं तेवढं सांगतो.

बोलणं सोपं जावं म्हणून दोन्ही बोटींना नावं देऊ. पहिली 'कन्सोलवाली': मध्ये स्टिअरिंगचं खोकं, तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा थोडा खोल, रुंदी पाच फूट, इंजिनाला लांब शाफ्ट (इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा भाग). दुसरी 'टिलरवाली': इंजिनाचा दांडा हातात धरून चालवायची, तळ जरा सपाट, रुंदी साडेपाच फूट, शाफ्ट आखूड. घरगुती वापरासाठी शोधायला निघालात की फिरून फिरून या दोनच प्रकारांवर येऊन थांबाल.

आधी पाणी ठरवा, मग बोट

शहरातले तलाव डोक्यातून काढून टाका. फुटाळा आणि अंबाझरी ही स्वतःची मोटरबोट घेऊन जायची ठिकाणं नाहीत. गोरेवाडा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे वन विभागाच्या नियमांपुढे कुणाचं चालत नाही. उरतात ती रामटेकजवळचं खिंडसी, वेणेचा जलाशय आणि गोसीखुर्दचं अंभोऱ्याकडचं पसरलेलं पाणी अशी जलसंपदा विभागाची ठिकाणं.

यातल्या ज्या पाण्यावर जायचं आहे, त्या प्रकल्पाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात बोट घेण्याआधी लेखी अर्ज करा. तिथे मासेमारीचा ठेका कुठल्या संस्थेकडे आहे, बोटिंगचा ठेका आधीच कुणाला दिलेला आहे का, हेही त्याच अर्जात विचारा. ठेका दुसऱ्याकडे असेल तर त्याच्या धक्क्यावरून बोट उतरवू देतील की नाही, हा प्रश्न बोटीच्या किमतीपेक्षा मोठा ठरतो.

दुसरा कागद नोंदणीचा. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि सर्वेक्षण त्याखाली होतं, आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मंडळाचं नाव सागरी असलं तरी आपल्या तलावातली बोट त्यांच्याच कक्षेत येते. जुनी बोट घेत असाल तर नोंदणी कुणाच्या नावावर आहे, शेवटचं सर्वेक्षण कधी झालं आणि नाव बदलून मिळेल का, हे आधी बघा. दोन बोटींपैकी एकीची कागदपत्रं पूर्ण आणि दुसरीची "होऊन जातील हो" अशी असतील, तर निवड तिथेच झाली असं समजा.

पाण्याचा स्वभावही इथेच लिहून ठेवा. आपले जलाशय सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुडुंब असतात आणि मे महिन्यात काठ कितीतरी मागे सरकलेला असतो. ऑक्टोबरात ज्या जागी दोन माणसं खोल पाणी असतं, तिथे मेमध्ये बाभळीचा बुंधा किंवा बुडालेल्या गावातलं घराचं जोतं पाण्याखाली वीतभर अंतरावर असू शकतं. गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात हा धोका जास्त. शिवाय नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत जातं, त्यामुळे त्या बाजूला जलपर्णीचे ताफे तरंगत येतात. ढिवर बांधवांची जाळीही पाण्यात असतात, बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे बांधून खूण केलेली. म्हणून उथळ पाणी, अडथळे आणि पंख्यात गुंतणाऱ्या गोष्टी या तीन मुद्द्यांवर दोन्ही बोटी तोलायच्या. समुद्राच्या लाटा कापण्यासाठी नावाजलेला खोल तळ आपल्याकडे त्या मानाने कमी कामाचा.

पण वाऱ्याला कमी लेखू नका. एप्रिल-मेमधलं वावधन पंधरा मिनिटांत उठतं. तलावावरच्या लाटा उंच नसतात, पण आखूड आणि एकामागून एक येतात, बोटीला सावरायला वेळ देत नाहीत. आयात केलेल्या बऱ्याच बोटींवर डिझाइन कॅटेगरीची पट्टी असते. 'डी' म्हणजे निवाऱ्याचं पाणी, लाटांची उंची साधारण ०.३ मीटरपर्यंत. 'सी' म्हणजे २ मीटरपर्यंत. दोघींपैकी एक सी आणि दुसरी डी असेल तर तो फरक दिसण्यातल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा आहे.

माणसं किती? कागदावर मांडा

अमेरिकेत वीस फुटांखालच्या बोटींसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. कन्सोलवालीचं १४ गुणिले ५ म्हणजे ७०, भागिले १५ म्हणजे ४.६७. टिलरवालीचं १४ गुणिले साडेपाच म्हणजे ७७, भागिले १५ म्हणजे ५.१३. अपूर्णांक सोडून द्यायचा. म्हणजे अर्धा फूट रुंदीने एक माणूस वाढला. दोन्ही विकणारे "पाच माणसं" म्हणत असले तरी कन्सोलवाली चारांचीच आहे. हा हिशेबही शांत हवेतला.

आता वजन मांडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बोटींचे खरे आकडे मागून घ्या.

कन्सोलवाली: बोट २४० किलो, इंजिन ६५, बॅटरी १८, चार माणसं २८०, पेट्रोल आणि टाकी २०, नांगर, दोर, डबे, पाणी मिळून २५. एकूण ६४८.

टिलरवाली: बोट १९०, इंजिन ५८, बॅटरी नाही, बाकी तेवढंच. एकूण ५७३.

दोन्ही बेरजा २५ हॉर्सपॉवरने भागा. पहिलीला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे जवळजवळ २६ किलो ओढायचे आहेत, दुसरीला २३. इंजिन सारखंच असलं तरी दुसरी लवकर पाण्यावर उचलेल आणि तेवढ्याच अंतराला पेट्रोल कमी पिईल. बोटीवर लावलेल्या क्षमतेच्या पट्टीत कमाल वजन लिहिलेलं असतं. ते इंजिन धरून आहे की न धरता, हे विचारल्याशिवाय तो आकडा वापरू नका.

जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटून नागपूरची तरुण मुलं बुडाली. नावेत जास्त माणसं होती आणि अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. या एका घटनेमुळे मी क्षमतेच्या मुद्द्यावर कुणाशीही तडजोड करत नाही. "एक माणूस जास्त झाला तर काय होतं" या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

जमिनीवरची तपासणी

बोट ट्रेलरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर असताना सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. पृष्ठभागावरचे फुगवटे, भेगा, पुटिंग लावून रंगवलेली जागा तेव्हाच दिसते. नाण्याने किंवा प्लास्टिकच्या हातोडीने तळभर टकटक करत जा. चांगलं फायबर खणखणीत वाजतं. जिथे आवाज बद्द येतो तिथे थर सुटलेले असतात किंवा आत पाणी असतं. त्या जागी खडूने खूण करा आणि शेवटी खुणांचा नकाशा बघा. दोन-चार विखुरलेल्या खुणा चालतात. मागच्या बाजूला सलग पट्टा निघाला तर ती बोट सोडा.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्समवर घालवा, म्हणजे मागच्या त्या फळीवर जिला इंजिन अडकवलेलं असतं. बहुतेक फायबर बोटींत या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की ते कुजतं, आणि वरून काहीच दिसत नाही. तपासायची पद्धत अशी: इंजिन अर्धवट वर उचलून ठेवा, एकाला ट्रान्समच्या वरच्या कडेवर बोटं ठेवून बसवा आणि तुम्ही इंजिनाचा खालचा भाग धरून सावकाश वर-खाली दाबा. इंजिन हलेल, पण ट्रान्सम हलता कामा नये. कडेवर ठेवलेल्या बोटांना जराशीही लचक जाणवली, बोल्टभोवती बारीक तडे दिसले किंवा बोल्टच्या वॉशरखालून तपकिरी ओघळ आलेला दिसला, तर आतलं लाकूड गेलं आहे. ती दुरुस्ती म्हणजे मागची बाजू कापून नवी बांधणं. नागपुरात फायबरचं काम करणारे मिळतील, पण पाण्याच्या टाक्या आणि कूलरच्या बॉडी बनवणं वेगळं, पंचवीस हॉर्सपॉवरचा जोर झेलणारी फळी बनवणं वेगळं.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे फ्लोअरखालचा फोम. बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून तो घातलेला असतो. जुन्या बोटीत तोच फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसतो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण धर्मकाट्यावर दिसतं. बोट ट्रेलरसकट काट्यावर चढवा, मग ट्रेलर रिकामा चढवा. वजाबाकीतून इंजिन, बॅटरी आणि पेट्रोल काढा. काट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतं, ते धरून चाला. त्यापलीकडे कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा चाळीस-पन्नास किलो जास्त भरले तर ते पाणी आहे. दोन्ही बोटी एकाच काट्यावर तोला म्हणजे तुलना खरी होईल. ही तपासणी फार कमी लोक करतात. मला विचाराल तर जुन्या बोटीसाठी याहून उपयोगी पावती दुसरी नाही.

नागपूरच्या उन्हाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. ४५ अंशांच्या उन्हात उघड्यावर उभी राहिलेली बोट दोन उन्हाळ्यांत म्हातारी दिसायला लागते. बाहेरच्या चकचकीत थराचा, म्हणजे जेलकोटचा, खडू होतो, सीटचं रेक्झिन फाटतं, इंधनाची रबरी नळी कडक होते, ट्रेलरच्या टायरना बाजूने चिरा पडतात. जेलकोट पॉलिशने परत येतो, म्हणून त्यावरून बोट नाकारू नका. नळी आणि टायर मात्र बदलायचेच असं धरून किंमत कमी करून घ्या.

इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगा, "आम्ही यायच्या आधी इंजिन सुरू करू नका." पोचल्यावर झाकणाला हात लावा. गरम लागलं तर आधी सुरू करून ठेवलं होतं, म्हणजे थंड असताना ते नीट सुरू होत नसावं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायला मरीन मेकॅनिकच हवा असं नाही. कॉम्प्रेशन गेज असलेला मोटरसायकलचा चांगला मिस्त्री स्पार्क प्लगच्या जागी ते लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा सांगेल. आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असावेत. त्यानंतर खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू थोडा सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घ्या. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर सील फुटून पाणी आत शिरलं आहे. पंखा काढून त्यामागे बघा. मासेमारीचा नायलॉन दोरा शाफ्टला गुंडाळलेला असला तर सील कापलं जाण्याचं कारण तेच.

इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. ती धार म्हणजे थंड करणारा पंप चालू असल्याची खूण. त्यातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, दर एक-दोन वर्षांनी बदलायचं असतं. कधी बदलला हे मालकाला सांगता आलं नाही, तर ताबा घेतल्यावर पहिलं काम तेच.

आपल्याकडे येणाऱ्या जुन्या बोटींपैकी काही कोकण-गोव्याकडच्या, खाऱ्या पाण्यात चाललेल्या असतात. इंजिनाच्या सांध्यांत पांढरी पूड, बोल्ट जाम झालेले, वायरिंगची टोकं हिरवी पडलेली, ही तिची लक्षणं. अशा इंजिनाचे गंजरोधक धातूचे तुकडे, ज्यांना ॲनोड म्हणतात, जस्ताचे असू शकतात. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचे किंवा ॲल्युमिनियमचे बसवावे लागतात. खर्च फार नाही, पण विसरलात तर इंजिनाची बॉडीच झिजत जाते.

आता पेट्रोल. पंपावर आज २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बोटीच्या पुष्कळ इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते. ज्या इंजिनाला २० टक्के चालतं असं कंपनी किंवा विक्रेता लिहून देईल, त्याला पसंती द्या. लिहून मिळालं नाही तर इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला आणि पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर लावा. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर घरी येण्याआधी त्यातलं पेट्रोल संपू द्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात तीन महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल हे आपल्या भागातल्या बोटी सुरू न होण्याचं मोठं कारण आहे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं, सुटसुटीत, दुरुस्तीला सोपं, पण धूर, आवाज आणि पेट्रोलचा खर्च जास्त. कुटुंबासोबत संथ फिरायचं असेल तर मी फोर-स्ट्रोक घेईन. पंचवीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला आठ-नऊ लिटर पिईल, निम्म्या वेगात त्याहून खूप कमी.

सर्व्हिसचा प्रश्न सोडवायचा एक साधा मार्ग आहे. जवळच्या बोटिंग केंद्रावर जा आणि तिथल्या सुरक्षा बोटींना कुठल्या कंपनीचं इंजिन आहे ते बघा. त्या कंपनीचा मेकॅनिक वर्षातून कधीतरी इकडे येत असणार आणि सुटे भागही कुणाकडे तरी पडून असणार. दोन बोटींपैकी एकीला ते इंजिन असेल तर तिला माझ्याकडून थेट मत. जगात नावाजलेल्या इंजिनाचा साधा इम्पेलर मुंबईहून यायला आठवडे लागत असतील, तर मोसमातले तेवढे रविवार गेलेच.

पाण्यावरची चाचणी

विकणारा एकट्याला बसवून सुसाट फेरी मारून आणेल. रिकाम्या बोटीत दोघी उत्तमच वाटतात. तुम्ही घरातली चार मोठी माणसं किंवा तेवढ्या वजनाचे मित्र घेऊन जा, टाकी भरलेली असू द्या, पाण्याचे कॅन ठेवा. सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट, आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किल-स्विचची दोरी (तो पडला तर ती निसटून इंजिन बंद होतं). दोन्ही बोटींची चाचणी त्याच पाण्यावर, शक्य असेल तर एकाच दिवशी दुपारी घ्या. सकाळी पाणी आरशासारखं असतं, त्यात काहीच कळत नाही.

बोट धक्क्याजवळ स्थिर उभी असताना टेप घेऊन पाण्यापासून कडेच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतची उंची मोजा. मग सगळ्यांना सावकाश एका बाजूला सरकवा आणि परत मोजा. रुंद, सपाट तळाची टिलरवाली इथे बहुधा कमी झुकेल. कन्सोलवाली आधी पटकन झुकेल आणि मग एका जागी थबकेल. खोल तळाचा तो गुणच आहे, पण घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर त्यांना पहिली झुक घाबरवते. ट्रान्समची उंचीही याच वेळी मोजा. मागून पाणी शिरतं ते तिथूनच.

मग चालवा. थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण थ्रॉटल द्या आणि बोट नाक खाली करून पाण्यावर सपाट धावायला किती सेकंद लागतात ते एकाला मोबाइलवर मोजायला सांगा. तेवढा वेळ नाक वर असतं आणि समोरचं काही दिसत नाही. टिलरवालीत चालवणारा अगदी मागे बसतो, त्यामुळे तिचं नाक जास्त उचलतं. पेट्रोलची टाकी आणि एक माणूस पुढे सरकवून पुन्हा बघा. तेवढ्याने फरक पडला तर प्रश्न मिटला. नाक वरच राहिलं तर ती बोट जाळी आणि बुंध्यांच्या पाण्यात धोक्याची.

टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, असेल तर भरलेल्या बोटीत पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम येतात ते लिहा. पुस्तिकेत कमाल पट्टा दिलेला असतो, बऱ्याच फोर-स्ट्रोकमध्ये ५००० ते ६०००. त्याच्या खाली राहिलं तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकेल ते अंतर, जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. पंखा बदलणं स्वस्त आहे, म्हणून यावरून बोट नाकारू नका. पण "इंजिनात दम नाही" असं वाटलं तर आधी हे तपासा.

वेगात असताना थ्रॉटल एकदम बंद करा आणि मागे बघा. बोटीनेच उठवलेली लाट पाठीमागून येऊन ट्रान्समवर आपटते. ती आत आली का? अर्धा पेला पाणी आलं तर हरकत नाही, बादलीभर आलं तर विचार करा. त्यानंतर रिव्हर्स घ्या, संथ वेगात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, काठाला लावून बघा. स्टिअरिंगची केबल जड असेल तर इथे हात दुखतो.

इंजिन बंद करा आणि वल्ह्यांनी शंभर मीटर वाऱ्याच्या विरुद्ध न्या. दोन माणसांना हे जमलं नाही तर इंजिन बंद पडेल त्या दिवशी तुम्ही वारा नेईल तिकडे जाणार. कन्सोलच्या खोक्यामुळे वल्ही मारायला जागाच उरत नाही, असं बऱ्याचदा दिसतं. आणि शेवटी पोहता येणाऱ्या एका मोठ्या माणसाला जॅकेटसकट पाण्यात उतरवून मदतीशिवाय परत चढायला सांगा. शिडी नसेल तर कडेला लोंबकळत राहण्यापलीकडे काही होत नाही. शिडी बसवायला जागा कुठे आहे, ते दोन्ही बोटींत बघून ठेवा.

घर ते पाणी

इथे कन्सोलवालीची खरी परीक्षा होते. ट्रेलर, बोट, इंजिन, बॅटरी धरून ती पाचशे किलोंच्या आसपास जाते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादाच दिलेली नसते किंवा ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ट्रेलरची आरटीओ नोंदणी आणि विमा वेगळा. हुकवर येणारा भार एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के असावा. कमी असेल तर महामार्गावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

आणि काठावर काय? काँक्रीटचा उतार फार थोड्या ठिकाणी. बाकी सगळीकडे काळी माती. नोव्हेंबरपासून पाणी मागे सरकतं आणि मधला पट्टा चिखल असतो. त्यात ट्रेलरचं चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. टिलरवालीचं इंजिन दोन माणसं मिळून काढून ठेवू शकतात आणि रिकामी बोट पाच-सहा जण पीव्हीसी पाइपच्या रुळांवरून सरकवत नेऊ शकतात. ती पूर्ण मावेल इतक्या लांब हौद्याच्या गाडीतूनही ती जाते. सपाट तळामुळे ती उथळातही आधी पोचते. शाफ्टच्या लांबीने तिथे फारसा फरक पडत नाही: लांब शाफ्ट २० इंचांचा, आखूड १५ इंचांचा, पण ती लांबी ट्रान्समच्या उंचीला जुळणारी असते.

म्हणून माझं मत उघड आहे. बोट कायम पाण्याकाठी शेडमध्ये ठेवायची सोय असेल, काँक्रीटचा उतार असेल आणि चालवणाऱ्याला पाठीचा त्रास असेल तर कन्सोलवाली घ्या. बसून, समोर बघत चालवता येते आणि वाऱ्यात अंगावर पाणी कमी उडतं. बोट घरी, धरमपेठेतल्या नाहीतर हुडकेश्वरातल्या अंगणात राहणार असेल आणि दर वेळी न्यावी लागणार असेल, तर टिलरवाली. न्यायला जी बोट जड जाते ती पहिल्या वर्षानंतर अंगणातच उभी राहते.

पैसे आणि ताबा

नवी बोट असेल तर बोट, इंजिन, ट्रेलर यांचे भाव वेगवेगळे लिहून घ्या. मौजेच्या बोटींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि एकत्र भावात तो कशावर किती लावला हे कळत नाही. जुनी असेल तर इंजिनाचं मूळ बिल, आयात केलेलं असल्यास त्याची कागदपत्रं आणि इंजिनावरचा नंबर जुळवून बघा. खरवडलेला नंबर दिसला तर बोलणी थांबवा.

किमतीत लाइफ जॅकेट धरा, माणशी एक, लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचं. जॅकेटवर तरंगवायचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. १०० न्यूटनचं जॅकेट शांत पाण्यात माणसाचं तोंड वर ठेवतं. ५० न्यूटनचं फक्त पोहणाऱ्याला आधार देतं, ते घरच्यांना घालू नका. त्याशिवाय नांगर आणि दोर, दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, शिट्टी, अग्निशामक, एक जादा पंखा, त्याचा नट आणि स्प्लिट पिन. बुंध्यावर पंखा आपटल्यावर काठाला आणतो तो हा जादा पंखाच. पुढे जाताना इंजिन लॉक करू नका. ते मोकळं असेल तर धक्का बसल्यावर आपोआप वर उचललं जातं.

ताबा घेताना तळाचं बूच कुठे आहे ते बघा आणि एक जादा मागून घ्या. नवं इंजिन पहिले दहा तास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे चालवा, सतत एकाच वेगात नको आणि पूर्ण थ्रॉटलला फार वेळ नको. वीस तासांच्या आसपास इंजिन आणि गिअरबॉक्सचं पहिलं तेल बदला. टाकीतलं पेट्रोल तिसऱ्या हिश्श्यांत वापरा, एक जायला, एक यायला आणि एक राखीव. आणि पहिली फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढा. तलाव भरलेला असतो, वारा मवाळ असतो, आणि मेमध्ये उघडे पडणारे बुंधे, जोती, खडक तेव्हा भरपूर पाण्याखाली असतात. पहिल्या मेमध्ये काठावरून चालत जाऊन ते सगळे मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा, पुढच्या मोसमात पाणी उतरायला लागलं की उपयोगी पडतील.